आडातलं अथेन्स

1937 साली अथेन्सच्या ॲक्रोपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावर ऑस्कर ब्रोनियर हे पुरातत्त्वज्ञ एक बुजलेली विहीर उपसत होते. मातीबरोबर खापरं वर यायला लागली. अथेन्समध्ये कुठेही कुदळ मारली तरी खापरं निघतात, त्यात नवल काहीच नव्हतं. पण या खापरांवर अक्षरं खरवडलेली होती आणि एकामागून एक तेच नाव येत होतं : थेमिस्टोक्लीस, नेओक्लीसचा मुलगा. मोजली तेव्हा 190 भरली. त्यांतली बरीचशी मद्याच्या प्याल्यांची मोडलेली बुडं होती.

थेमिस्टोक्लीस हा कोणी ऐरागैरा नव्हता. इसवी सन पूर्व 480 मध्ये सालामिसच्या समुद्रात इराणी आरमाराचा धुव्वा उडाला, तो त्याच्या डोक्यातून निघालेल्या डावपेचांमुळे. त्याआधी लॉरिऑनच्या खाणीत चांदीची नवी शीर लागली तेव्हा तो पैसा नागरिकांत वाटून न टाकता त्यातून जहाजं बांधा, हा आग्रहही त्याचाच. या विजयाला दहा वर्षं होतात न होतात तोच अथेन्सने त्याला शहराबाहेर काढलं, आणि काढलं ते खापरांनी.

फुटक्या मडक्याच्या तुकड्याला ग्रीक भाषेत ऑस्ट्राकॉन म्हणतात. दरवर्षी एकदा नागरिकांच्या सभेपुढे प्रश्न येई : यंदा कोणाला हद्दपार करायचं आहे का? सभेने हो म्हटलं, की काही आठवड्यांनी चौकात कुंपण घालून मतदान होई. आपल्याला जो माणूस शहराला धोकादायक वाटतो त्याचं नाव खापरावर कोरायचं आणि आत जाऊन टाकायचं. किमान 6000 खापरं पडावी लागत. ज्याच्या नावाची सर्वांत जास्त, त्याने दहा दिवसांत गाव सोडायचं आणि दहा वर्षं परतायचं नाही. खटला नाही, आरोपपत्र नाही, शिक्षाही म्हणता येणार नाही, कारण घरदार आणि नागरिकत्व शाबूत राहायचं. इसवी सन पूर्व 487 मध्ये हा प्रयोग पहिल्यांदा झाला आणि साधारण सत्तर वर्षं टिकला. मराठीत आपण दुसऱ्याच्या माथी खापर फोडतो; अथेन्सवाले त्यावर नाव लिहीत.

ब्रोनियर यांनी त्या 190 खापरांवरच्या अक्षरांची वळणं ताडून पाहिली, आणि ती सगळी अवघ्या 14 जणांच्या हातची निघाली. म्हणजे थेमिस्टोक्लीसच्या विरोधकांनी बसून, वाटून घेऊन, आयत्या मतपत्रिका तयार केल्या होत्या. लिहिता न येणाऱ्याच्या किंवा लिहायचा कंटाळा असणाऱ्याच्या हातात त्या ठेवायच्या होत्या. उरल्या त्या विहिरीत गेल्या. चरित्रकार प्लुटार्क एक गोष्ट सांगतो. अरिस्टायडीस या सरळमार्गी पुढाऱ्याला मतदानाच्या दिवशी एका अडाणी शेतकऱ्याने न ओळखता विनंती केली, माझ्या खापरावर अरिस्टायडीसचं नाव लिहून दे. त्याने तुझं काय बिघडवलं, असं विचारल्यावर शेतकरी म्हणाला, काही नाही, जो तो त्याला न्यायी न्यायी म्हणतो ते ऐकून वीट आला आहे. अरिस्टायडीसने मुकाट्याने स्वतःचं नाव लिहून दिलं. ही गोष्ट प्लुटार्कने घटनेनंतर पाचशेहून अधिक वर्षांनी लिहिली, त्यामुळे ती किती खरी हा प्रश्न राहतो. ब्रोनियर यांच्या खापरांबाबत तो प्रश्न नाही. संघटित प्रचार, गटबाजी, आयती मतं, हे सगळं लोकशाहीच्या पहिल्या पन्नास वर्षांतच होतं, आणि याचा हातात धरता येईल असा पुरावा ग्रंथांनी नव्हे, विहिरीने दिला.

म्हणूनच प्राचीन ग्रीसवरच्या जाहीर व्याख्यानात पडद्यावर पहिलं चित्र पार्थेनॉनचं आलं की मला थोडं वाईट वाटतं. पार्थेनॉन भव्य आहे यात वाद नाही. पण तो शहराने जगाला दाखवण्यासाठी बांधला. घरात लोक कसे राहत, काय खात, कोणाला मारत, कोणासाठी रडत, हे त्याच्या खांबांवर लिहिलेलं नाही. प्लेटो, थ्युसिडिडीस, अरिस्टॉटल हेही शिकलेले, स्वतंत्र, बहुतेक खात्यापित्या घरचे पुरुष. त्यांच्या पोथीत जे नाही ते आडात सापडतं.

आड हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. अथेन्सच्या या विहिरी म्हणजे आपल्याकडच्या पायऱ्यांच्या, मोटेच्या विहिरी नव्हेत. जेमतेम मीटरभर रुंदीचे, घराच्या अंगणात मऊ खडकात खोदलेले आड. उतरायला दोन्ही बाजूंना पावलं रोवण्यापुरत्या खोबणी. असे चारशेहून अधिक आड एकट्या अगोरात, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती चौकात आणि त्याच्या आसपास, सापडले आहेत. तिथलं मोठं उत्खनन 1931 मध्ये अमेरिकन स्कूल ऑफ क्लासिकल स्टडीज या संस्थेने सुरू केलं. पैसा मुख्यतः जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांचा. जागा मोकळी नव्हती. तिथे व्रिसाकी नावाची नांदती वस्ती होती. सुमारे चारशे घरं विकत घेऊन पाडावी लागली आणि माणसांना दुसरीकडे जावं लागलं. जुन्या अथेन्सचे चुलखंड, मडकी शोधायला नव्या अथेन्सच्या चुली विझवल्या, ही गोष्ट त्या उत्खननाच्या गौरवगाथेत सांगितली गेली पाहिजे.

आड वाचायची एक पद्धत आहे. तळाशी गाळ असतो आणि त्यात सबंध किंवा जवळजवळ सबंध घागरी मिळतात. दोर तुटला, हात सुटला, घागर गेली. हा आड वापरात असतानाचा थर. त्याच्यावर असतो तो टाकाऊ मालाचा भराव. पाणी आटलं, कडा ढासळल्या किंवा घरच मोडलं, की आडाचा उकिरडा होई. एका मडक्याचे तुकडे वरच्या आणि खालच्या थरांतून निघून एकमेकांना जुळले, तर भराव एकाच झपाट्यात पडला असं समजायचं. नाणी, दिवे, मद्यकुंभांच्या कानांवरचे शिक्के यांवरून काळ ठरतो. या शिक्क्यांसाठी व्हर्जिनिया ग्रेस यांनी आपलं आयुष्य दिलं : ऱ्होड्स, क्निडोस अशा बेटांतून आणि बंदरांतून आलेल्या कुंभांचे हजारो कान त्यांनी नोंदवले आणि त्यातून व्यापाराचं कालपत्रक उभं केलं. (नंतरच्या, रोमन काळातल्या मद्यकुंभांची खापरं आपल्या नेवाशाच्या उत्खननातही निघाली आहेत.)

काही आड एका ठरावीक दिवसांत बुजले. सालामिसच्या लढाईआधी अथेन्सवासी शहर सोडून गेले होते आणि रिकाम्या शहराला इराणी सैन्याने आग लावली. परतल्यावर लोकांनी ढिगारा उपसला आणि घरातली फुटकी भांडी अंगणातल्या आडात लोटली. अगोराच्या परिसरात असे वीसएक आड ओळखले गेले आहेत. त्यांतल्या एका घराच्या आडावर कॅथलीन लिंच यांनी 2011 मध्ये सबंध पुस्तक लिहिलं. एका कुटुंबाची बहुतेक सगळी भांडी : स्वयंपाकाची मडकी, धान्याचे रांजण, आणि मद्यपानाचे प्याले, तेही भरपूर. मंचकावर रेलून, गाणी म्हणत मद्य पिण्याच्या बैठका ही फक्त बड्या घराण्यांची चैन, असं पूर्वी मानलं जाई. हे घर बड्यांचं नव्हतं. तरी तिथे बैठकीचा संच होता, आणि तो नीट निवडून घेतलेला होता. मला यात लोकशाहीची चाहूल दिसते. बड्यांच्या रीती मधल्या घरांत येऊ लागल्या होत्या.

अगोराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात चौकाची हद्द दाखवणारा एक दगड जिथल्या तिथे उभा सापडला. त्यावर कोरलं आहे की मी अगोराची सीमा आहे. दगडच बोलतो. त्याला खेटून एका घराचे अवशेष आहेत. अंगणाच्या जमिनीत लोखंडाचे बारीक खिळे विखुरलेले मिळाले, जोड्याच्या तळाला ठोकतात तसे, आणि हाडाच्या लहान चकत्या, वादी ओवायच्या भोकांसाठीच्या. घर चांभाराचं होतं हे उघड झालं. बाहेर एका काळ्या प्याल्याचं बूड सापडलं आणि त्यावर नाव होतं : सिमोनचा.

दियोगेनीस लाएर्तियस या इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातल्या चरित्रकाराने सिमोन नावाच्या चांभाराविषयी लिहून ठेवलं आहे. सॉक्रेटिस त्याच्या दुकानात येऊन बसे आणि सिमोन आठवेल तेवढं बोलणं टिपून ठेवी. असे 33 संवाद त्याच्या नावावर सांगतात. अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याने त्याला आश्रय देऊ केला, तर आपलं मोकळं बोलणं विकायचं नाही म्हणून त्याने तो नाकारला. सॉक्रेटिसचे शिष्य प्लेटो आणि झेनोफोन मात्र सिमोनचं नावही घेत नाहीत, त्यामुळे बरेच अभ्यासक त्याला कल्पित मानत. प्याला सापडला म्हणून तोच हा सिमोन हे सिद्ध होत नाही. पण काळ इसवी सन पूर्व पाचव्या शतकाचा, जागा अगोराच्या काठची आणि धंदा चांभारकीचा, एवढं सगळं जुळतं. लहान वयाच्या मुलांना अगोरात यायची मुभा नव्हती. त्यांना गाठायचं तर सॉक्रेटिसला हद्दीवरच्या दुकानांत बसावं लागे, हे झेनोफोनच्या लिखाणातूनही दिसतं. माझा कल सिमोन खरा असण्याकडे आहे. तत्त्वज्ञान चामड्याच्या वासात, टोच्याच्या आवाजात बोललं गेलं, हे मानायला मला तो प्याला पुरेसा वाटतो.

न्यायालयाच्या वस्तूंकडेही थोडं पाहू. दरवर्षी 6000 नागरिक न्यायपंच म्हणून नोंदले जात आणि रोज सकाळी चिठ्ठ्यांनी खटल्यांवर वाटले जात. त्यासाठी संगमरवराचं एक यंत्र होतं : खाचांच्या रांगांत पंचांच्या नावांच्या पट्ट्या खोवायच्या, बाजूच्या नळीतून काळे-पांढरे गोळे सोडायचे, पांढरा पडला तर ती आडवी रांग त्या दिवशी कामावर, काळा पडला तर घरी. कोणत्या खटल्याला कोण बसणार हे आधी कळायचं नाही, मग लाच द्यायची कोणाला? भाषणाची वेळ मोजायला मातीचं जलघटिकापात्र. विहिरीत सापडलेल्या एका पात्रात 6.4 लिटर पाणी मावे आणि ते सहा मिनिटांत गळून जाई. मतासाठी काशाच्या चकत्या, मधल्या दांड्याच्या. एकीचा दांडा भरीव, दुसरीचा पोकळ. दांड्याची टोकं अंगठा आणि तर्जनीत धरली की कोणती चकती पेटीत पडली हे शेजाऱ्यालाही दिसत नसे. गुप्त मतदानाची इतकी साधी आणि चोख युक्ती क्वचितच कोणी काढली असेल.

हे वाचून भारावून जायला होतं. मग एक शिशाची पट्टी समोर येते.

इसवी सन पूर्व चौथ्या शतकातली ही पट्टी अगोराच्या एका विहिरीत मिळाली आणि 2000 साली डेव्हिड जॉर्डन यांनी तिचं वाचन प्रसिद्ध केलं. पत्र आहे. लेसिस नावाचा मुलगा झेनोक्लीसला आणि आपल्या आईला कळवतो आहे की ओतशाळेत मी मरतो आहे, याकडे काणाडोळा करू नका. मालकांकडे या, माझ्यासाठी दुसरं काही बघा. मला एका फार वाईट माणसाच्या हवाली केलं आहे. तो मला बांधून ठेवतो, फटके मारतो, कस्पटासारखं वागवतो. शेवटच्या शब्दांत नुसतं आणखी, आणखी असं आहे.

लेसिस गुलाम होता की उमेदवारीवर ठेवलेला गरीब घरचा मुलगा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पत्र त्याने स्वतः लिहिलं की लिहून घेतलं, हेही वादाचं. पत्र आईपर्यंत पोचलं आणि वाचून टाकलं गेलं, की वाटेतच कोणी विहिरीत फेकलं? अथेन्सचं वैभव ज्यांच्या श्रमावर उभं होतं ते हजारो गुलाम लॉरिऑनच्या खाणीत, ओतशाळांत, घरांच्या मागच्या खोल्यांत राबत होते. अरिस्टॉटलने गुलामाला जिवंत अवजार म्हटलं. त्या अवजाराचा आवाज आपल्याला फारच थोड्या ठिकाणी ऐकू येतो, आणि त्यांतलं एक ठिकाण हे एवढंसं शिसं आहे. ग्रीक लोकशाहीवर बोलणाऱ्या प्रत्येकाने चिठ्ठ्यांच्या यंत्राबरोबर ही पट्टीही दाखवली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

बायकांचं तसंच. थ्युसिडिडीसच्या इतिहासात पेरिक्लीस युद्धात पडलेल्यांच्या विधवांना सांगतो की पुरुषांत तुमच्याबद्दल जितकं कमी बोललं जाईल तितकी तुमची कीर्ती मोठी. पुरुषांनी ते पाळलं. पण बायकांच्या घागरी, मागाची वजनं, दागिने आणि हाडं जमिनीत राहिली, आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं ते बहुतांशी स्त्री अभ्यासकांनी.

1967 मध्ये पुरातत्त्वज्ञ एव्हलिन स्मिथसन यांच्या हाती अरिओपागोस टेकडीच्या पायथ्याशी इसवी सन पूर्व 850 च्या सुमाराचं एक दहनपात्र लागलं. आत एका स्त्रीच्या अस्थी, सोन्याची अप्रतिम कर्णभूषणं, हजारभर मण्यांची माळ. सोबत मातीची एक पेटी, तिच्या झाकणावर पाच छोट्या कणग्या. धान्य म्हणजे संपत्ती. म्हणून ही धनिक अथेनियन बाई म्हणून प्रसिद्धी पावली. पुढे जवळपास चार दशकं गेली. मग अस्थितज्ज्ञ मारिया लिस्टन यांनी अस्थी पुन्हा तपासल्या, आणि 2004 मध्ये जाहीर झालं की त्यांत पूर्ण वाढीच्या जवळ आलेल्या गर्भाची हाडं मिसळलेली आहेत. ती बाई पोटुशी असताना किंवा बाळंतपणात गेली. इतकी वर्षं आपण तिची श्रीमंती मोजत होतो.

लिस्टन यांचं याहून अवघड काम एका दुसऱ्या आडाचं आहे. तो 1930 च्या दशकातच उपसला गेला होता, पण आतल्या हाडांचा संपूर्ण अभ्यास सुसान रॉट्रॉफ आणि लिन स्नायडर यांच्यासह त्यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केला. इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकाच्या मध्याच्या सुमारास त्या आडात किमान 450 तान्ही बाळं टाकली गेली होती, आणि त्यांच्यासोबत दीडशेच्या आसपास कुत्री. हे प्रथम ऐकताच मनात साथ, कत्तल किंवा नकोशी मुलं मारल्याची शंका येते. हाडांनी वेगळं सांगितलं. बहुतेक बाळांना जन्मून आठवडाही झालेला नव्हता. साधारण एक तृतीयांश बाळांच्या कवटीच्या आतल्या बाजूला मेंदूच्या आवरणाला सूज आल्याच्या खुणा होत्या. अस्वच्छ हत्याराने नाळ कापली की होतो तसा जंतुसंसर्ग. काही अपुऱ्या दिवसांची होती. म्हणजे ही नेहमीची, जुन्या जगात घरोघर घडणारी मरणं.

ग्रीक घरात मूल जन्मल्यावर काही दिवसांनी त्याला उचलून चुलीभोवती फिरवत आणि मग नाव ठेवत. तोवर ते घराचं नव्हे. आपल्याकडे पाचवी पुजून आणि बारसं होऊन जाईपर्यंत मायबाप जो श्वास रोखून असत, तोच हा श्वास. चुलीभोवती फिरण्याआधी गेलेल्या बाळाला रीतसर दफन मिळत नसे. आसपासच्या सुइणी अशी बाळं या वापरात नसलेल्या आडात सोडत असाव्यात, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. आणि कुत्री? ग्रीकांतही सोयरसुतक होतं. जन्म आणि मृत्यू दोन्हींचा विटाळ धरला जाई, आणि तो फेडायला कुत्र्याचा बळी देण्याची रीत होती. म्हणजे ज्याला आपण कचऱ्यासारखं फेकणं समजलो असतो, त्यात एक विधी होता. कोणीतरी वेळोवेळी शुद्धीचा खर्च केला होता, त्या निनावी बाळांसाठी. ग्रीक साहित्यात सुइणींची नावं जवळजवळ नाहीत. सॉक्रेटिसची आई फेनारेती सुईण होती, हेही आपल्याला कळतं ते मुलगा प्रसिद्ध झाला म्हणून.

जगलेल्या मुलांच्याही वस्तू आडांनी जपल्या. त्यांत मातीची एक चित्रं काढलेली गोल बैठक आहे, इसवी सन पूर्व सहाव्या शतकाच्या सुरुवातीची. वर मूल बसेल असा कटोरा, पाय बाहेर काढायला पुढे भोकं, खाली पोकळ बूड. शी-शूची खुर्ची. उत्खननातल्या मंडळींनी आजच्या एका बाळाला तशा खुर्चीत बसवून फोटो काढला आणि तो शेजारी लावला. अडीच हजार वर्षांचं अंतर त्या फोटोत उरत नाही.

या वस्तू अगोरातल्याच अत्तालोसच्या स्टोआत आहेत. पर्गामोनच्या दुसऱ्या अत्तालोस राजाने अथेन्सला भेट दिलेली ही सुमारे 115 मीटर लांबीची खांबांची इमारत 1953 ते 1956 मध्ये मूळ पायावर पुन्हा उभारली गेली आणि 3 सप्टेंबर 1956 ला तिचं संग्रहालय झालं. प्रत्येक वस्तूवर उत्खननाचा क्रमांक आहे आणि तो क्रमांक खणणाऱ्याच्या वहीतल्या त्या दिवसाच्या नोंदीपर्यंत नेतो. या वह्या आता इंटरनेटवर कोणालाही वाचता येतात, पुण्या-नागपुरात बसूनही.

अथेन्सला जाणं झालं तर पार्थेनॉन जरूर पाहा. पण त्याआधी तळमजल्यावरच्या त्या लांबट दालनाला दोन तास द्या. सिमोनचा प्याला आणि बाळाची खुर्ची तिथेच आहेत.